कवितेआधी कवी? : 'नारायण गंगाराम सुर्वे' या अनुबोधपटाच्या निमित्ताने

ग्रंथकाराचे चरित्र आणि त्याचे वाङ्मय यांचा परस्परसंबंध किती व कोणत्या स्वरूपाचा मानावा, हा वाङ्मयविचारातील जुना वाद आहे. मराठीत तो दोन टोकांकडून मांडला गेला. लालजी पेंडसे यांनी १९३५ साली 'साहित्य आणि समाजजीवन' लिहून वाङ्मयाची मुळे समाजस्थितीत शोधली. तर पुढे मर्ढेकरांनी कलाकृतीचे मूल्य तिच्या अंतर्गत घटनेत, तिच्या लयीतच शोधले पाहिजे असा आग्रह धरला. विद्वानांना हा वाद अनिर्णित ठेवता येतो. वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला ती सवलत नाही. पाठ्यपुस्तकात कवितेच्या वर कविपरिचयाच्या आठदहा ओळी छापलेल्या असतात. त्या आधी वाचावयाच्या की कविता आधी वाचावयाची, याचा निर्णय त्याला तास सुरू होताच करावा लागतो, आणि बहुधा तो निर्णय विचाराने न होता सवयीने होतो. ओळी वर छापलेल्या असतात म्हणून त्या आधी वाचल्या जातात, एवढेच.

हा प्रश्न आमच्यापुढे पुन्हा, आणि काहीशा अपराधी भावनेसह, उभा राहिला तो एका अनुबोधपटामुळे. श्री. अरुण खोपकर यांनी दिग्दर्शित केलेला 'नारायण गंगाराम सुर्वे' हा तो पट. २००२ सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य चित्रपटांच्या विभागात तो सर्वोत्कृष्ट ठरला. खोपकर हे केवळ दिग्दर्शक नव्हेत. 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' या पुस्तकामुळे चित्रपटकलेविषयी मराठीत गंभीरपणे लिहिणारे लेखक म्हणूनही ते आपणांस परिचित आहेत. पट आता वीस वर्षांहून जुना झाला आहे, आणि तो ज्यांच्यावर आहे ते कवी १६ ऑगस्ट २०१० रोजी निवर्तले. तरीही त्यासंबंधी आज लिहावेसे वाटले, याचे कारण तो आम्ही आमच्या शाळेतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, विद्यार्थ्यांच्या सोबतीने पाहिला, आणि त्या पाहण्यातून आमच्या अध्यापनातील एक चूक आमच्या पदरात पडली.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण स्थळाचा या प्रतिक्रियेशी निकट संबंध आहे. मच्छे हे गाव बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एके काळी ते केवळ शेतकऱ्यांचे गाव होते. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे, फाउंड्र्या आहेत, यंत्रांचे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आहेत. आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे विस्तीर्ण आवारही तेथेच आहे. आमच्या मराठी शाळेत येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांचे वडील पाळ्यांत काम करतात. ज्यांना ऐपत आहे ते मुलांना इंग्रजी शाळांत घालतात; राहतात ती कामगारांची आणि अल्पभूधारकांची मुले. गिरणीकामगाराच्या घरात वाढलेल्या कवीवरील पट या मुलांना दाखवावा, तो त्यांना आपलासा वाटेल, ही आमची अपेक्षा होती. कवीच्या स्मृतिदिनाच्या सुमारास एका शनिवारी सकाळी, शाळा सुटण्यापूर्वी, आम्ही तो नववी-दहावीच्या मुलांना दाखविला.

पटाच्या गुणांकडे येण्यापूर्वी अशा पटांपुढील एका मूलभूत अडचणीचा विचार करू. ग्रंथकाराचे आयुष्य दाखवावयाचे म्हणजे नेमके काय दाखवावयाचे? लिहीत बसलेला मनुष्य हे काही मोठेसे प्रेक्षणीय दृश्य नव्हे. गवयाचे गाणे ऐकविता येते, चित्रकाराचे चित्र दाखविता येते. लेखकाचे लेखन मात्र पडद्यावर आणताना त्याचे दुसऱ्याच कशात तरी रूपांतर करावे लागते. या अडचणीतून वाट काढण्याचा भारतीय चित्रपटातील सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न म्हणजे सत्यजित राय यांनी १९६१ साली, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वेळी, फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला 'रवींद्रनाथ टागोर' हा चौपन्न मिनिटांचा अनुबोधपट होय. राय हे शांतिनिकेतनात शिकलेले. पटाचे इंग्रजी निवेदन त्यांनी स्वतःच्याच आवाजात केले. पटाचा आरंभ कवीच्या जन्माने होत नाही, मृत्यूने होतो : ऑगस्ट १९४१, कलकत्त्याचे रस्ते, आणि अंत्ययात्रेला लोटलेली अफाट गर्दी. तेथून निवेदन मागे वळते आणि ठाकुर घराण्याचा इतिहास, जोडासाँकोचा वाडा, द्वारकानाथ, देवेंद्रनाथ असे क्रमाक्रमाने उलगडत जाते.

हा पट राय इतक्या भारदस्तपणे करू शकले याला त्यांची प्रतिभा कारण आहेच. पण आणखीही एक कारण आहे, आणि ते सहसा सांगितले जात नाही. ठाकुर घराण्याची स्मृती जपलेली होती. तैलचित्रे होती, छायाचित्रे होती, हस्तलिखिते होती, देशोदेशीच्या प्रवासांत टिपलेल्या चित्रफिती होत्या. ज्या घरात तीन पिढ्यांच्या तसबिरी भिंतीवर आहेत त्या घरातील मुलाचे चरित्र चित्रांतून सांगता येते. त्यातूनही बालपणाच्या प्रसंगांसाठी राय यांना बालनटाचा आधार घ्यावाच लागला.

आता याच्या शेजारी नारायण सुर्व्यांचे बालपण ठेवून पाहावे. मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने ते उचलून घरी आणले. त्याच्या पत्नीने, काशीबाईंनी, ते वाढविले. मूल चार इयत्ता शिकले. पुढे हे जोडपे गिरणीतून निवृत्त होऊन कोकणात आपल्या गावी गेले आणि मुलगा मुंबईत एकटा राहिला. त्याने घरगडी म्हणून, हॉटेलात, गिरणीत अशी मिळेल ती कामे केली. पुढे तो महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई झाला आणि त्यानंतर शिक्षक झाला. या आयुष्याच्या पूर्वार्धाचे छायाचित्र कोण काढणार? छायाचित्र ही ज्या काळी सुखवस्तू घरांची चैन होती त्या काळातील कामगाराच्या पोराला दृश्य असा भूतकाळच नसतो. म्हणजे अनुबोधपटाची सामग्रीदेखील समाजात विषम वाटली गेलेली आहे. श्रीमंताच्या चरित्राला पुरावा असतो. गरिबाच्या चरित्राला आठवण असते, आणि कवी असेल तर कविता असते.

खोपकरांच्या पटाचा आम्हांला जाणवलेला पहिला मोठा गुण हाच, की त्यांनी ही उणीव ओळखली आणि ती लपविण्याऐवजी तिलाच रचनेचा पाया केले. येथे कवीच्या भूमिकेसाठी नट आहे, आणि तो नट किशोर कदम आहेत, जे 'सौमित्र' या नावाने स्वतः कविता लिहितात. ही निवड केवळ सोयीची नाही. चेहऱ्याशी चेहरा जुळविणारा नट शोधणे एक, आणि ओळीचे वजन ज्याला आतून ठाऊक आहे असा नट शोधणे दुसरे. निव्वळ नट कविता म्हणतो तेव्हा त्याला पुष्कळदा तिच्यातील भावना अभिनीत कराविशी वाटते. कवी दुसऱ्याची कविता म्हणतो तेव्हा तो शब्दाला वाव देतो. जेथे छायाचित्र नाही तेथे कवितेलाच साक्षीला बोलाविणे, हा मार्ग आमच्या मते केवळ कलात्मक नव्हे, प्रामाणिकही आहे.

दुसरा गुण काळाच्या निवडीचा म्हणावा लागेल. पट झाला तेव्हा कवी हयात होते, पण त्यांच्या कवितेतील मुंबई जवळजवळ उरली नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर गिरणगावाची जी वाताहत झाली ती सर्वश्रुत आहे. २००२ पर्यंत गिरण्यांच्या जागी दुसरेच काही उभे राहू लागले होते. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली प्रसिद्ध झाले तेव्हा भोंगा, पाळी, चाळ, मोर्चा ही वाचकाच्या शेजारची वस्तुस्थिती होती. चाळीस वर्षांनी तीच कविता ऐकताना शब्दामागील वस्तू नाहीशी झालेली असते आणि शब्द मात्र राहिलेला असतो. राय यांच्या पटात कवी गेला आहे आणि त्याचे जग, शांतिनिकेतन, मागे आहे. येथे नेमके उलटे आहे. कवी आहे, आणि त्याचे जग गेले आहे.

पट संपला. मुले गंभीर झाली होती. काही मुलींच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही मनातून समाधान पावलो आणि सोमवारी निबंध लिहून आणावयास सांगितले : 'मला भावलेले कवी नारायण सुर्वे'. सोमवारी ३८ वह्या आल्या. आम्ही त्या घरी नेऊन वाचल्या आणि आमचे समाधान ओसरले. एकूणएक वहीत अनाथ मुलगा होता, भूक होती, रस्त्यावरची झोप होती, जिद्द होती, आणि शेवटी 'आपणही त्यांच्यासारखे कष्ट करून मोठे व्हावे' हा बोध होता. भाषा नीटनेटकी होती, भावना खोटी नव्हती. पण ३८ वह्यांपैकी एकीतही कविता नव्हती. कवितेचे नाव नव्हते, तिच्यातील एखादी प्रतिमा नव्हती, एखादा शब्दही नव्हता. पडद्यावर कविता ऐकून झालेल्या मुलांनी कवी पाहिला होता आणि कविता ऐकलीच नव्हती.

हा दोष पटाचा नव्हे. दोष आमचा. कवितेशी ज्यांची ओळख झालेली नाही त्यांच्यापुढे आम्ही कवीचे दुःख आधी नेऊन ठेवले. दुःख पाहून मनुष्य द्रवतो हे त्याच्या चांगुलपणाचे लक्षण आहे. परंतु दया ही भावना मोठी लवकर भागणारी आहे. डोळ्यांत पाणी आले की तिचे काम झाले. मग तिला शब्दाशी झगडण्याची गरज उरत नाही. ज्या कवीने आपल्या कवितेत दयेची याचना कोठेही केली नाही, उलट स्वतःला ब्रह्म म्हणण्याइतकी ऐट दाखविली, त्याच्या वाट्याला आम्ही ३८ वह्याभरून दया मिळवून दिली होती.

याच संदर्भात एक लहानशी घटना सांगावीशी वाटते. पट चालू असताना आमच्या शाळेचे शिपाई दाराशी उभे राहून पाहत होते. बसा म्हटले तरी बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी हजेरीची पुस्तके घेऊन आले तेव्हा त्यांनी विचारले, "सर, त्या पोराचं नाव शाळेच्या रजिस्टरात पयलं लिवलं कुणी हो? बाचं नाव काय म्हणून लिवलं?"

आम्ही मुख्याध्यापक. शाळेचे जनरल रजिस्टर आमच्या कपाटात असते. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात : हे रकाने भरताना आमचा हात कधी अडखळला नाही. टाकून दिलेल्या मुलाच्या बाबतीत यांतील एकही रकाना खरे म्हणजे भरता येत नाही. १५ ऑक्टोबर १९२६ ही सुर्व्यांची जन्मतारीख म्हणून छापली जाते. पण ज्याचा जन्म कोणी पाहिला हे ठाऊक नाही त्याची तारीख कोणीतरी दिलेली असते. तसेच नाव दिलेले, तसेच आडनाव दिलेले. आणि मग आमच्या ध्यानात आले की खोपकरांनी पटाचे नाव 'नारायण सुर्वे' असे ठेवलेले नाही. वाङ्मयाच्या जगात हे कवी मधल्या नावाविना वावरले. पटाने मधले नाव परत आणले. 'नारायण गंगाराम सुर्वे' ही रजिस्टरातील नोंद आहे. तिच्यातील 'गंगाराम' हा शब्द जन्माने आलेला नाही. एका गिरणीकामगाराने तो आपण होऊन दिलेला आहे. मुलगा पुढे कवी होणार, परभणीच्या साहित्य संमेलनाचा १९९५ साली अध्यक्ष होणार, १९९८ साली पद्मश्री होणार, हे त्या मनुष्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने रकाना भरला, एवढेच. पटातील सर्वांत अर्थपूर्ण विधान त्याच्या नावात आहे, आणि ते आमच्या आधी आमच्या शिपायांच्या ध्यानात आले. सुर्वेही एके काळी शाळेचे शिपाई होते, हे सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, "तेच तर बघत हुतो."

आम्ही मग उलट दिशेने जाण्याचे ठरविले. निबंध बाजूला ठेवले आणि सुर्व्यांची 'दोन दिवस' ही कविता फळ्यावर लिहिली. महाराष्ट्रात २०१८ साली आलेल्या दहावीच्या 'कुमारभारती'त ती आहे. आमच्याकडे अभ्यासक्रम वेगळा, म्हणून परीक्षेचे ओझे तिच्यावर नव्हते. कविपरिचय सांगितला नाही. केवळ कविता दोनदा वाचली आणि विचारले, यात कोणता शब्द खटकतो?

फाउंड्रीत काम करणाऱ्या गृहस्थांचा मुलगा उभा राहिला. कवितेच्या अखेरीस झोतभट्टीतील पोलादाची उपमा आयुष्याला दिली आहे आणि तेथे 'शेकणे' हे क्रियापद आले आहे. मुलगा म्हणाला, "सर, भट्टीत लोखंड वितळवतात आणि साच्यात ओततात. शेकायला ती काय भाकरी आहे?" वर्ग हसला. पण हसे विरण्यापूर्वीच आमच्या लक्षात आले की या मुलाने कवितेच्या गाभ्याला हात घातला आहे. भट्टीचे क्रियापद वितळणे, तापणे, आटणे. शेकणे हे चुलीचे क्रियापद आहे. भाकरी तव्यावर भाजतात आणि निखाऱ्यावर शेकतात. आणि याच कवितेत अगोदर भाकरी आलेली आहे. ती चंद्राच्या जोडीने आलेली आहे. म्हणजे चंद्राच्या जागी भाकरी ठेवणारा कवी कवितेच्या शेवटी कारखान्याच्या भट्टीत पुन्हा घरातील चूलच पेटवतो.

मग आम्ही 'शेकणे' फळ्यावर लिहिले आणि आपण काय काय शेकतो ते मुलांना विचारले. थंडीत हात शेकतो, असे एकीने सांगितले. लचकलेला पाय शेकतो. मास्तर पाठ शेकतात, असे मागच्या बाकावरून आले. कोणी म्हणाले, एखादे प्रकरण अंगाशी शेकते. ऊब, औषध, मार आणि नुकसान : एवढे सारे एका क्रियापदात आहे, आणि त्याच्या जोडीला कवीने 'छान' हा रोजच्या बोलण्यातला, जवळजवळ पोरकट शब्द ठेवला आहे. येथे तक्रार आहे की समाधान? उपहास आहे की खरोखरच ऊब आहे? वर्गात यावर एकमत झाले नाही, आणि ते होऊ नये असेच आम्हांला वाटले.

एका मुलीने आणखी एक गोष्ट दाखविली. दोन दिवस वाट पाहण्यात आणि दोन दुःखात, म्हणजे चार झाले; आणि आयुष्य चार दिवसांचे असते असे तिची आजी म्हणते. मग सुखाचे दिवस कोठे गेले? आम्ही चकित झालो. उर्दूत एक प्रसिद्ध शेर आहे. लोक तो बहादूरशहा जफरच्या नावावर सांगतात. त्यातही मागून आणलेले आयुष्य चार दिवसांचेच आहे, आणि त्यांतील दोन अभिलाषेत व दोन प्रतीक्षेत सरतात. सुर्व्यांनी तो हिशेब मनात ठेवला असावा असे वाटते. पण त्यांनी त्यात एक बदल केला. प्रतीक्षा राहिली, अभिलाषा गेली, तिच्या जागी दुःख आले. अभिलाषा बाळगावयालादेखील थोडी फुरसत लागते. बादशहाच्या नावावर चालणाऱ्या शेरात ती आहे, कामगाराच्या कवितेत नाही. एका शब्दाच्या या अदलाबदलीत वर्गस्थितीचा जितका स्पष्ट उच्चार आहे तितका पुष्कळ घोषणांत आढळणार नाही.

हे सारे झाल्यावर आठवडाभराने आम्ही पट पुन्हा लावला. या वेळी मुले निराळी पाहत होती. कविता सुरू झाली की ती पडद्याकडे कमी पाहत आणि कान देऊन जास्त ऐकत. नटाने एखाद्या शब्दावर दिलेला भर योग्य की अयोग्य, यावर पट संपल्यानंतर वाद झाला. भट्टीवाल्या मुलाचे म्हणणे, आपण वाचली ती कविता अधिक सावकाश वाचावयास हवी. पहिल्या खेपेस जी मुले केवळ द्रवली होती ती दुसऱ्या खेपेस मते देऊ लागली, आणि आमच्या मते हाच रसिकतेचा आरंभ होय.

येथे अनुबोधपटाच्या एका स्वाभाविक मर्यादेचाही निर्देश केला पाहिजे. पडद्यावर कविता एका आवाजात, एका चेहऱ्यासह, एका गतीने येते. ती थांबत नाही. कागदावरील ओळीशी वाचक हवा तितका वेळ घुटमळू शकतो. पडद्यावरील ओळ पुढच्या दृश्याला जागा करून देऊन निघून जाते. 'शेकणे' या शब्दापाशी आम्ही अर्धा तास बसलो. कोणत्याही दिग्दर्शकाला तितका वेळ देणे शक्य नाही. म्हणून चांगल्या पटाने कवितेची जागा घेऊ नये, आणि खोपकरांचा पट ती घेऊ पाहतही नाही. ती जागा आम्ही शिक्षक आळसाने त्याला देऊन टाकतो. पडदा उजळला की शिकविण्याचे काम परस्पर होते अशी एक समजूत हल्ली शाळांतून रूढ होत आहे. तिच्यापासून सावध राहणे इष्ट.

मग चरित्राचा उपयोग नाहीच काय? आहे, पण तो कवितेनंतर. 'शेकणे' या शब्दाचे सर्व अर्थ मुलांनी आपल्या घरांतून गोळा केल्यावर जेव्हा त्यांना कळले की हा शब्द लिहिणाऱ्याने पोटासाठी गिरणीत राबून पाहिले होते, तेव्हा चरित्र त्या शब्दाचा पुरावा झाले. आधी कळले असते तर ते शब्दाचा पर्याय झाले असते. सुर्व्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांनी आपल्या आत्मचरित्राला 'मास्तरांची सावली' असे नाव दिले. ज्याला जगाने कवी म्हणून ओळखले त्याला घरात 'मास्तर' म्हटले जात होते, हे त्या नावावरून दिसते. शाळामास्तराच्या मनाला याने जो हर्ष होतो तो आम्ही लपवीत नाही. पण हा हर्ष आमचा आहे. तो सुर्व्यांच्या कवितेचा गुण नव्हे, हेही विसरता कामा नये. 'माझे विद्यापीठ' हे त्यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नाव आमच्या मुलांना सांगितले तेव्हा त्यांनी सहजच खिडकीतून तंत्रज्ञान विद्यापीठाच्या दिशेने पाहिले. सुर्व्यांच्या विद्यापीठाला आवार नव्हते, फाटक नव्हते, हे समजावयास त्यांना कविताच वाचावी लागेल. चित्राने ते भागणार नाही.

शेवटी आमच्या सीमाभागाविषयी. हा पट पाहून घरी जाताना एका सहकाऱ्याने विचारले, आपल्याकडच्या लेखकांवर असे काही का असू नये? प्रश्न रास्त आहे. इंदिरा संत बेळगावात राहिल्या, तेथील अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. 'शेला' ते 'गर्भरेशीम' हा त्यांचा सारा प्रवास या गावच्या पावसात आणि अंगणात झाला. २००० साली त्या गेल्या. जी. ए. कुलकर्णी यांचे बालपण व शिक्षण बेळगावचे, नोकरी धारवाडची. मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांनी परत केला. सभा, व्यासपीठ, छायाचित्र यांपासून ते सदैव दूर राहिले. उघड्या डोळ्यांनी ते क्वचितच कोणाला दिसले, कारण मध्ये काळा चष्मा असे. कॅमेऱ्याला पाठ दाखविणाऱ्या अशा लेखकावर पट करावयाचा तर दिग्दर्शकाला त्यांच्या कथांखेरीज दुसरा आधार उरत नाही; आणि एका परीने हे उत्तमच आहे. जी. एं.नी जणू आमची चूक आधीच ओळखून तिची वाट बंद करून ठेवली.

आमच्या शेजारी भाषेनेही हे काम केले आहे. गिरीश कर्नाड यांनी १९७२ साली द. रा. बेंद्रे यांच्यावर अनुबोधपट केला, कवी हयात असतानाच. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, कविता कन्नड, आणि मराठीतही त्यांनी लिहिले. कर्नाडांचे प्रारंभीचे शिक्षण मराठीतून झालेले. भाषांच्या सीमेवर भांडणे पुष्कळ झाली आणि त्यांतील आमची बाजू आम्ही सोडलेली नाही. पण कवीला जपण्याच्या बाबतीत शेजाऱ्याकडून शिकावयास लाज वाटण्याचे कारण नाही.

तोपर्यंत आम्हां शिक्षकांना जे करता येण्यासारखे आहे ते असे. पट मिळेल तेथून मिळवावा. पण आधी कविता वाचावी, मग पट पाहावा, आणि मग कविता पुन्हा वाचावी. तिसरे वाचन सर्वांत महत्त्वाचे. कारण पटाने काय दिले आणि काय दिले नाही हे तेथेच कळते. आणि आपल्या गावातील ज्या वृद्धांना ओव्या, म्हणी, कामाचे शब्द अजून येतात त्यांचे आवाज मुलांकडून टिपून घ्यावेत. 'शेकणे' या शब्दाचे जे अर्थ आमच्या वर्गात निघाले ते सारे कोशातून निघाले नव्हते. ते चुलीपाशून, फाउंड्रीतून आणि आजीच्या तोंडून आले होते. ते शब्द ज्या दिवशी घरांतून जातील त्या दिवशी सुर्व्यांची कविता छापील राहील, पण तिच्यातील भट्टी विझलेली असेल.

पहिल्या ३८ निबंधांवर आम्ही गुण दिले नाहीत. दुसऱ्यांदा निबंध घेतला तेव्हा विषय बदलला : 'दोन दिवस या कवितेतील मला न समजलेला शब्द'. वह्या पूर्वीपेक्षा बारीक भरल्या, शुद्धलेखनाच्या चुका अधिक झाल्या. पण प्रत्येक वहीत कविता होती. येत्या वर्षी पट पुन्हा लावताना क्रम हाच राहील, आणि आमच्या शिपायांसाठी पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवली जाईल, इतके नमूद करून हे टिपण पुरे करतो.